उतरलेला ताप

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात येरवड्याच्या एका बोळात मच्छिंद्रबुवाच्या दारी दर गुरुवारी रांग लागे. तापलेली पोरं कडेवर घेतलेल्या आया. बुवा चिमूटभर अंगारा पाण्यात कालवून पाजी आणि थोड्या वेळात पोराला घाम फुटून ताप उतरे. "ताप म्हणजे देवीचा दूत," बुवा म्हणे. "मी त्याला चहापाणी करून वाटेला लावतो." लोक माना डोलावत.

त्याच बोळातल्या श्यामलाचा नवरा श्रीनिवास बुवाच्या अंगाऱ्याला हसायचा. पण त्यांच्या सात वर्षांच्या शकूला कांजिण्या आल्या, अंग भाजू लागलं, तेव्हा शेजारणींनी भरीस घातलं आणि श्यामला गेली. ताप खरंच उतरला. तिने बुवाच्या पायांवर डोकं ठेवलं. रोज पाजायला अंगाऱ्याच्या पुड्या मिळाल्या आणि वर ताकीद, की सुई टोचाल तर देवी कोपेल.

फोड सुकले, शकू खेळू लागली. मग एका सकाळी उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. दोष बाहेर पडतोय, पुड्या दुप्पट करा, असं बुवाने सांगितलं. श्यामलाने केल्या. दुपारी शकू बरळू लागली, आईच्याच हाताला चावली. तिला आई ओळखू येत नव्हती.

श्रीनिवासने तिला उचलून इस्पितळात नेलं. पोट तपासताना डॉक्टर पद्मजांच्या हाताला वाढलेलं यकृत लागलं; डोळे मात्र पिवळे नव्हते, म्हणजे कावीळ नव्हती. काय काय पाजलं ते त्यांनी खोदून विचारलं. मग शकूच्या लघवीत एका रसायनाचे थेंब टाकले. लघवी गर्द जांभळी झाली.

"अंगाऱ्यात ॲस्पिरिन आहे," त्या म्हणाल्या. "ताप त्यानेच उतरला. कांजिण्यांत, फ्लूमध्ये ही गोळी मुलांना द्यायची नसते. एखाद्याचं यकृत आणि मेंदू दोन्ही जातात. कोणाचं, ते आधी कळत नाही."

"मी दुप्पट पाजल्या," श्यामला म्हणाली.

रात्री शकू बेशुद्ध झाली, ती शुद्धीवर आलीच नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी श्यामला रांग ओलांडून थेट बुवाच्या आतल्या खोलीत शिरली. खलबत्त्यात गोळ्या अर्धवट कुटलेल्या होत्या, शेजारी राखेचं घमेलं. तिने खल बाहेर आणून ओट्यावर पालथा केला. तुझी श्रद्धा कमी पडली, बुवा म्हणाला.

"श्रद्धा पुरेपूर होती. म्हणून तर मुलगी गेली." मग ती आयांकडे वळली. "ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नाही. पाजताय त्यात काय आहे ते विचारा. जो सांगत नाही, त्याच्या हातचं मुलाला देऊ नका. डॉक्टरकडे न्या."

एक बाई उठली, मग आणखी दोघी. बाकीच्या बसूनच राहिल्या. श्यामला त्यांच्यासमोर खाली बसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.