जॉन राजाचे साक्षीदार

भीमाला इंग्लंडचा राजा केलं ते त्याची छाती बघून. अभिनयाचा तिथं काडीचा संबंध नव्हता. चौऱ्याहत्तरच्या गॅदरिंगसाठी इतिहासाच्या वीरभद्रप्पा सरांनी स्वतः नाटुकलं लिहिलं होतं. सन बाराशे पंधरा. जुलमी जॉन राजाला सरदार घेरतात आणि मॅग्ना कार्टा नावाच्या सनदेवर त्याची मोहर उठवून घेतात. अंगावर सोलापुरी चादर, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, असा भीमा आरशात स्वतःवरच खूश होता.

घोळ त्यानं घरी घालून ठेवला होता. वसतिगृहाच्या पुढच्या वर्षाच्या फॉर्मवर वडलांचा अंगठा हवा होता. वडील, म्हणजे महिपतीआबा, मोहोळकडचे शेतकरी. फॉर्म बघून ते म्हणाले, "दोन वर्सं शिकून काय झालास?" भीमाच्या तोंडून निघून गेलं, "राजा झालोय." आबा हरखले. "मग आदी बगतो. अंगठा मागनं." राजा शेवटी हरतो, हे सांगणं भीमाच्या जिवावर आलं. पोराची पाठ आजवर एकाही आखाड्यात टेकलेली न बघितलेला बाप तो. त्याला हे सांगणार कोण?

आबा एकटे येतील तर शपथ. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीस माणसं घालून आले आणि सगळी पुढच्या रांगांत बसवली. पडद्याच्या फटीतून भीमानं त्यांचे पटके मोजले. फॉर्म त्यानं चादरीच्या आत, बनियनमध्ये खुपसून ठेवला होता. आता तो तिथंच घामानं भिजून जाणार, असं त्याला वाटलं.

सरदारांचा म्होरक्या गुरप्पा. वजन भिजला तरी चाळीस किलो. त्यानं लाकडी तलवार उगारली. "राजा, मोहर उठव, नाहीतर सिंहासन सोड!"

भीमानं थरथरायचं होतं. तो मनापासून थरथरला.

"आरं, उचलून आपट की त्येला," ट्रॉलीतलं कुणीतरी म्हणालं. गुरप्पा आपसूक सिंहासनामागं सरकला. भीमानं डोळे मिटले, बटाट्याची कोरलेली मोहर लाल शाईच्या पॅडवर दाबली आणि हात सनदेकडं नेला.

"थांब," आबा उठून उभे राहिले. "न वाचता कागदावर काय बी उठवायचं न्हाय. आपल्या घरात तशी रीत न्हाय."

सर विंगेतून हातवारे करत होते, ते कुणालाच कळेनात. शेवटी गुरप्पानं सनद उचलली आणि वाचली. कायद्यावाचून कुणा मोकळ्या माणसाला तुरुंगात टाकणार नाही. विधवेचं मनाविरुद्ध लग्न लावणार नाही. कुणाची गाडी-घोडा त्याला न विचारता सरकारी कामाला नेणार नाही. या शेवटच्या कलमाला तीसच्या तीस माना हलल्या. गावच्या तीन बैलगाड्या एकदा कुण्या साहेबाच्या दौऱ्याला अशाच गेल्या होत्या.

"कुनी लिवलंय ह्ये?" आबांनी विचारलं.

सरांनी विंगेतून डोकं काढलं. "सरदारांनी. साडेसातशे वर्षांमागं."

"शानी मानसं." आबा पोराकडं वळले. "मग आडलंय कुटं? उठव की."

भीमानं मोहर उठवली. शिट्ट्या, टाळ्या. नाटक इथं संपत होतं. पण आबा पायऱ्या चढून वर आले. "साक्षीदार कोन?"

सरांनी सहा पुस्तकं चाळली होती, पण हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आबांनी पॅडवर अंगठा दाबला आणि सनदेवर उमटवला. मग काय, अख्खी ट्रॉली उठली. स्टेजवर रांग लागली. सनद लालेलाल झाली, पॅड धरून गुरप्पाचा हात भरून आला, आणि सर इतिहासाची ही चेष्टा बघत विंगेत बसून डोळ्यांत पाणी येईतो हसत होते.

भीमाला राहवेना. "आबा, मी हरलो की."

"हरलास कुटं? चांगल्या कागदाला व्हय म्हनलास." आबांनी लाल अंगठा वर धरला. "त्यो तुजा फारम कुटं हाय? शाई वाळंल."

भीमानं बनियनमध्ये हात घातला. फॉर्म चुरगळला होता, ओलसर होता, पण होता. तो त्यानं घाईघाईनं पुढं केला.

"आदी वाच," आबा म्हणाले.

मग मुकुट सावरून इंग्लंडच्या राजानं भर स्टेजवर वसतिगृहाचे नियम मोठ्यानं वाचले. भिंतीला खिळे ठोकू नयेत, इथं ट्रॉलीनं माना हलवल्या, आणि आबांनी अंगठा टेकवला.