बिनतांदळाची खीर

फ्लॉवर किसला की त्याचा भात होतो, हे मला लग्नाला पाच वर्षं झाल्यावर कळलं. तोवर मी बिलोलीकडची, तांदळाच्याच भाताला भात म्हणणारी अडाणी बाई होते.

हे ज्ञान दिलं आमच्या ह्यांनी. हे लातुरातल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. दिवसभर पोरांना प्रश्न विचारायचे आणि घरी आल्यावर कुणाचा एक प्रश्न ऐकून घ्यायचा नाही, असा स्वभाव. मार्चमध्ये कुणीतरी ह्यांना ‘आदिम आहार परिवार’ नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपात घातलं. ग्रुपाचे प्रमुख अमृतराव, बँकेतून निवृत्त झालेले. रोज सकाळी त्यांचं एक भाषण यायचं. माणूस लाखो वर्षं धान्याविना जगला, शेती आली आणि माणूस आजारी पडला. गहू विष, ज्वारी विष, तांदूळ तर पांढरं विष. आठ दिवसांत ह्यांचं पाठ झालं. नवव्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं, “आजपासून या घरात धान्य शिजणार नाही. चाळीस दिवस. पॅलिओ.”

“आणि यशू?” मी विचारलं.

“यशूपण. कुटुंब म्हणून नाव दिलंय आपण.”

‘आपण’ म्हणजे हे एकटे. यशू म्हणजे आमची लेक, चार वर्षांची. वरणभात कालवून दिला की ती आधी पाची बोटांना एकेक शीत चिकटवायची, मग एकेका बोटाला “तू खा, तू खा” म्हणत सगळी स्वतःच खायची. एवढ्या जिवाचं नाव ह्यांनी आदिमानवांच्या यादीत घालून टाकलं.

त्याच दिवशी ज्वारीचं पीठ, तांदूळ, रवा, पोहे सगळं पिशव्यांत भरून खाली उमाबाईंकडे गेलं. उमाबाई घरमालकीण. त्यांनी दोनदा विचारलं, “बदली झाली का सरांची?”

त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी. भाकरीचं बरं असतं, परातीचं पीठ कोरड्या हातानं झडतं, ताट पुसून ठेवलं तरी भागतं. पॅलिओचं तसं नव्हे. उन्हाळ्यातला फ्लॉवर म्हणजे आळ्यांचं गाव. तो आधी मिठाच्या पाण्यात बुडवा, मग साध्या पाण्यात काढा. त्यावर किसणी, मिक्सरचं भांडं, बदामाच्या पिठानं लडबडलेला वाडगा आणि खोबरेल तेलानं माखलेली कढई. एका न्याहारीला दीड बादली. आदिमानव भांडी घासत नव्हता, आणि टँकरच्या रांगेत घागर घेऊन तो उभा राहत नव्हता.

ठीक साडेसातला ग्रुपात न्याहारीचा फोटो जावा लागायचा. फ्लॉवरचे पोहे. बदामाच्या पिठाचं धिरडं, जे तव्यावरून कधीच अख्खं निघालं नाही. भोपळ्याची इडली. फोटोत कुटुंब दिसलं पाहिजे असा नियम, म्हणून यशूला ताटाशेजारी बसवायचं.

“हस बेटा. दात दिसू दे.”

यशू दात दाखवायची. फोटो निघाला की ताट सरकवून द्यायची. अंड्यातला पांढरा भाग तेवढा खायची, तोही माझ्याकडे बघत, माझ्यावर उपकार केल्यासारखा.

तिसऱ्याच दिवशी मी उमाबाईंकडून वाटीभर भात आणून तिला चारला. संध्याकाळी तिनं बाबाच्या मांडीवर बसून आनंदानं सांगून टाकलं, “मी भातू खाल्ला!” ह्यांनी ते ग्रुपात कळवलं. प्रामाणिकपणा म्हणे. अमृतरावांनी निकाल दिला, कुटुंबात एकानं नियम मोडला की सगळ्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दोन दिवस आधी पुन्हा दिवस पहिला सुरू झाला. त्यानंतर मी चोरून काही दिलं नाही. वाटलं, एकदाचे चाळीस संपू देत, नाहीतर हे कधी संपायचंच नाही. मीसुद्धा अशी भित्री. ह्यांना नावं ठेवताना हे लिहायला पाहिजे.

मे महिन्यात अंगणवाडीच्या सिंधुताईंनी यशूला काट्यावर उभं केलं. मार्चमध्ये चौदा किलो होती, तेरा भरली. सिंधुताईंनी तक्त्यावर बोट ठेवलं. “मॅडम, रेघ खाली चालली. घरात आजारपण हाय का?”

“हाय,” मी म्हणाले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे फोनमधून मान वर न काढता म्हणाले, “आदिमानवाची मुलं तक्त्यात बसत नव्हती.”

“जगत तरी होती का?”

“तुला विज्ञान कळत नाही, पंचशीला.”

त्याच आठवड्यात धुणं भिजवताना यशूच्या फ्रॉकच्या खिशात माझ्या हाताला काही टोचलं. बाहेर काढलं तर कच्चे तांदूळ, मूठभर. खाली विचारलं तेव्हा उमाबाई म्हणाल्या, “मी निवडाया बसले की येऊन बसती की. कच्चेच चावती. जंत असत्याल, औषध द्या.” मला माहीत होतं जंत कसले ते. मी ते दाणे पुन्हा तिच्या दुसऱ्या फ्रॉकच्या खिशात ठेवले. का ठेवले, सांगता यायचं नाही. तिचा तेवढा ठेवा माझ्याच्यानं काढून घेववला नाही.

चाळिसाव्या दिवसाला चार दिवस उरले असताना चाकूरकडून आत्याबाई आल्या. नागुबाई, माझ्या सासूबाई. गावचा बोअर आटला म्हणून आल्या, आणि इथला कोरडा नळ बघून म्हणाल्या, “बरं झालं, सवय मोडायची न्हाई.” सोबत पिशवीत घरचे चार शेर तांदूळ होते, नातीसाठी. सकाळी ताटातले फ्लॉवरचे पोहे त्यांनी बोटानं इकडून तिकडं सारले.

“शीला, हे काय करायलीस गं?”

“पोहे हायेत, आत्याबाई.”

“मला डोळे हायेत.”

ह्यांनी मग आईला समजावलं. लाखो वर्षं, शेती, विष, सगळं. आत्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बहात्तर साली आमी बी धान्य सोडलं हुतं,” त्या म्हणाल्या. “खडी फोडाया जायचो. तरोट्याचा पाला उकडून खायचो. कामावर सुकडी मिळाली तर मिळाली. माझी धाकटी बहीण त्याच वर्षी गेली. आमचा फोटो काढाया कोण आलं न्हाई बघ, न्हाईतर आमी बी दात दावले असते.”

हे उठून बाथरूममध्ये गेले. आत्याबाई माझ्याकडे वळल्या. “लातूर जिल्हा झाला ना, त्या साली जन्मला ह्यो. तवापास्न सोताला हेडाफीस समजतो.”

मी कितीतरी दिवसांनी हसले. यशूही हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी. मग आजीच्या पिशवीला नाक लावून म्हणाली, “आजी, ह्यात भातू आहे.”

“हाय माझे माय. करू की.”

“चार दिवस थांबा, आत्याबाई,” मी म्हणाले. आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ओट्याकडे तोंड फिरवलं.

चाळिसावा दिवस म्हणजे बुद्धपौर्णिमा. आमच्या विहारात त्या सकाळी मुलांना खीर वाटतात आणि दरवर्षी एका घराची पाळी असते. सुजातेनं खीर दिली तेव्हा सिद्धार्थांनी उपवास सोडला, शरीर वाळवून काही हाती लागत नाही हे त्यांना कळलं, ही गोष्ट आमच्यात लहान पोरालाही येते. यंदा पाळी आमची होती. पाणी नाही म्हणून विहारातल्या पंढरीमामांनी ठरवलं, प्रत्येक घरानं एकेक तांब्या पाणी आदल्या दिवशी आणून द्यायचं. तीस घरांनी आपापल्या घागरीतून काढून तांब्या तांब्या पाणी आमच्या पिंपात ओतलं. काही तांबे काठोकाठ नव्हते, पण एकही घर राहिलं नाही.

आणि ह्यांनी जाहीर केलं, “खीर बिनतांदळाची होईल. फ्लॉवर, नारळाचं दूध, बदाम. समाजापर्यंत पोचवायची हीच संधी. चाळिसावा फोटोही तोच.”

आत्याबाईंना आधी ते समजलंच नाही. समजल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “मंग सुजाता काय गड्डा घेऊन गेली हुती का रे?”

“आई, भावना महत्त्वाची.”

“मंग भावनाच वाट. गड्डे कशाला आणलेस?”

पण ऐकतो कोण. सकाळी पाचला उठून ह्यांनी स्वतः फ्लॉवर धुतला. चाळीस दिवसांत पहिल्यांदा हात लावला, म्हणून किती पाणी लागतं हे माहीत नव्हतं. एकदा मिठाच्या पाण्यात, तीनदा साध्या. मी अंघोळ घालून यशूला बाहेर आणते तर लोकांचं अर्धं पिंप मोरीतून गेलेलं, आणि हे आळ्या निघाल्याचं मला कौतुकानं दाखवतायत.

“ते पाणी लोकांचं होतं,” मी म्हणाले.

“लोकांच्याच आरोग्यासाठी गेलं.”

विहारात मुलं रांगेत बसली. पांढरी साडी, पांढरे सदरे, मेणबत्त्या, वंदना, सगळं नेहमीसारखं झालं. मग ह्यांनी द्रोणांतून खीर वाढली. गूळ होता, वेलची होती, पण वास कोबीगड्डा शिजल्याचा तो शिजल्याचाच. पहिल्या पोरानं घास घेतला आणि जिभेवर तसाच धरून आईकडे बघितलं. दुसरं पोर सरळ म्हणालं, “ए, ह्यात भाजी हाय!” पाठोपाठ अख्खी रांग थुंकायला लागली. ह्यांचा क्लासमधला आवाज बाहेर पडला. “शांतता! सवय नाही म्हणून तसं वाटतं. या आहारानं माझ्या कुटुंबाला चाळीस दिवसांत काय दिलं ते बघा. आणि आम्ही इथंच थांबणार नाही. उद्यापासून शंभर दिवस.”

शंभर. मी चाळिसाच्या आशेवर जीव धरून बसले होते.

“यशू, बेटा, इकडं बघ. द्रोण हातात. हस.”

यशूनं द्रोण हातात घेतला. आत बघितलं. मग तो मांडीवर नीट ठेवला, फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि मूठभर कच्चे तांदूळ काढून खिरीत सोडले. बोटानं ढवळले. मान वर करून बाबाला म्हणाली, “आता खीर झाली. आता काढ.”

आणि दात दाखवून हसली.

पंढरीमामा पुढं आले, वाकून द्रोणात बघितलं आणि ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दाराशी सिंधुताई उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. कच्चा दाणा चावल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. यशूनं खायला सुरुवात केली होती.

मी जाऊन तिच्या हातातून द्रोण काढून घेतला. “थांब राणी. शिजवून देते.” मग ह्यांच्याकडे वळले. माझा आवाज चढला नाही, त्याचं माझं मलाच नवल वाटलं. “तो फोन खिशात घाला. शंभर दिवस तुम्ही एकट्यानं करा. गुहा शोधा हवी तर. माझी लेक जेवणार आहे.”

“पंचशीला, लोकांसमोर...”

“लोकांसमोरच. पाणी लोकांचं होतं.”

आत्याबाई तेवढ्यात उठल्याही होत्या. चार शेरांची पिशवी त्या घरून काखेत मारूनच आल्या होत्या. चार दिवस त्या थांबल्या होत्या, पाचव्या दिवसाला थांबणाऱ्या त्या नव्हत्या. “पाणी थोडंच उरलंय,” मी म्हणाले. “पाणी कशाला? खीर दुधात हुती सुजाताची,” आत्याबाई म्हणाल्या. पंढरीमामांनी दूध मागवलं. तांदूळ मात्र आत्याबाईंनी एकाच तांब्याभर पाण्यात धुतले, आणि ते धुणवणसुद्धा विहाराच्या पिंपळाला घातलं.

यशूनं तीन द्रोण खीर खाल्ली. तिसऱ्या द्रोणात बोटं बुडवून पाची बोटांना शितं लावली. “तू खा, तू खा,” असं चालू असतानाच माझ्या मांडीवर झोपली. तिच्या करंगळीवर एक शीत राहिलं होतं. मी ते पुसलं नाही.

हे कोपऱ्यात बसून होते. आत्याबाईंनी त्यांच्यापुढं द्रोण आदळला. “खा. त्यांनी बी सोडला हुता उपास. त्यांच्यापरीस शाना हाईस का तू?”

ह्यांनी खाल्ली की नाही ते मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उमाबाईंकडून ज्वारीचं पीठ परत आणलं. त्यांनी विचारलं, “बदली रद्द झाली का?” मी हो म्हणाले. साडेसातला तव्यावर तिसरी भाकरी फुगत होती आणि यशू परातीतल्या पिठात बोटानं रेघा ओढत होती. हे आले. दारात थोडा वेळ उभे राहिले. मग पाटावर बसले आणि भाकरीचा तुकडा मोडला, माझ्याकडे न बघता. एका हातानं खात होते, दुसऱ्या हातानं फोन चाळत होते. मला वाटलं, ग्रुप सोडतायत.

मी पाणी ठेवायला वाकले तेव्हा फोनचा पडदा दिसला. बाराव्या दिवसाचा फोटो ग्रुपात गेला होता, भोपळ्याच्या इडलीचा, ताटाशेजारी यशूचे दात. खाली ह्यांनी लिहिलं होतं, ‘दिवस पहिला, शंभरपैकी’. अमृतरावांनी लगेच अंगठा पाठवला.

“अजून एक देऊ का?” मी विचारलं.

“दे,” घास तोंडात असतानाच हे म्हणाले. “जरा कडक भाज.”