शोकेसमधली पहिली प्रत

ओ, जरा इकडे बघता का? टीव्हीच्या वर, काचेआड, स्टीलच्या ग्लासांच्या सेटशेजारी. मी बोलतेय, संस्कृतीच्या कादंबरीची पहिली प्रत.

जन्म माझा भोसरीच्या छापखान्यातला. अंगाला ताज्या शाईचा वास होता तेव्हाच संस्कृतीनं माझ्या पहिल्या पानावर लिहिलं, ‘पप्पांना’, आणि मी चाकणजवळच्या या घरी आले. पोरीनं विद्यापीठात सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम केला, तेव्हा ‘लिहायलाबी शिकवत्यात व्हय?’ असं गावानं विचारून घेतलं होतं. चोविसाव्या वर्षी पहिल्याच कादंबरीला मोठा पुरस्कार मिळाला आणि गावाचं तोंड बंद झालं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर संस्कृतीचा फोटो एक आणि शुभेच्छुकांचे अकरा, तेही तिच्यापेक्षा मोठे.

मला वाटलं, आता आपली चंगळ. कसलं काय! तिच्या आईनं, अनिताताईंनी, मला हळदीकुंकू वाहिलं, प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि शोकेसमध्ये ठेवून कुलूप लावलं. पाहुणे आले की बाहेर काढायचं, त्यांनी हातात तोलून ‘किती पानं?’ विचारायचं, की मी परत आत. या घरात चांगली वस्तू वापरायची नसते. शेजारचा ग्लासांचा सेट लग्नातला आहे, त्यानं अजून पाण्याचा थेंब पाहिलेला नाही.

पण माझं सोडा. खरा जीव टांगणीला लागला होता संस्कृतीचा. कादंबरी तिच्या वडिलांवर, बबनरावांवर होती. ते चाकणच्या एका कंपनीत पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस मशीनवर आहेत. ओव्हरटाइमपायी लेकीच्या एकाही बक्षीस समारंभाला न आलेला बाप तिनं जसाच्या तसा लिहिला होता. सगळ्यांनी कौतुक केलं. बबनरावांनी मात्र चार महिने चकार शब्द काढला नाही. पप्पा दुखावले, या धास्तीनं पोरीला दुसरी कादंबरी सुचेना. त्यांनी माझं एक पानही उलटलं नव्हतं, हे मला ठाऊक. असा राग यायचा मला त्यांचा!

परवा रविवारी जेवताना तिनं शेवटी विचारलंच. बबनरावांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

“एकशे बारा पानावर चुकलंय. तुझा गडी एका हातानं प्रेस चालवतो अन् दुसऱ्या हातानं चहा पितो. प्रेसला दोन बटणं असत्यात. दोन्ही हात बटणावर असल्याबिगर ती खाली येतच न्हाई. बोटं वाचावीत म्हणून. कुणाला कळलं तर तुझं बक्षीस माघारी घेतील, म्हणून गप होतो.”

मी काचेआड थक्क. मग त्यांनी डब्याच्या पिशवीतून दुसरी प्रत काढली. विकत घेतलेली, मशीनच्या तेलानं कोपरे काळे झालेली. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता दोनदा वाचली म्हणे. घरातली चांगली प्रत खराब होऊ नये म्हणून!

“आणि बाकीचं, पप्पा?” संस्कृतीनं विचारलं.

“बाकी सगळं खरं हाय,” बबनराव म्हणाले आणि ताटाकडे बघत राहिले.

पोरगी रडली, मग हसली, आणि त्या कळकट प्रतीवर तिनं पुन्हा ‘पप्पांना’ लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून लिहायलाही बसलीय.

मला आनंदच आहे. पण त्या तेलकट बयेचा हेवा वाटतो हो, खोटं कशाला बोलू? तुम्ही कधी आलात तर शोकेसची किल्ली देव्हाऱ्यामागं असते. माझ्याही एकशे बाराव्या पानावर तीच चूक आहे. कुणीतरी या, निदान ती तरी काढा.