कमलचं मॉडेल

पेढा हातात पडेपर्यंत दादारावला काहीच ठाऊक नव्हतं.

सकाळचे नळ सोडून, पंपघराला कुलूप लावून तो सायकलीवर घरी निघाला होता. पांढुर्ण्याच्या बाजारात मुकुंदचं बी-खताचं दुकान होतं. दुकानाच्या पायरीवर उभा राहून मुकुंद येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत होता आणि डब्यातला पेढा देत होता.

"काय गा दादाराव, तसाच चालला? तोंड गोड कर. माही सुनंदा भोपाळले चालली, विज्ञान मेळाव्यात. अख्ख्या शाळेतून एकटी!"

"कायचं मॉडेल घेऊन?" दादारावनं विचारलं.

"पाण्याच्या टाकीचं. तुह्या कमलनं बी मदत केली म्हणे त्यात."

मदत! दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, ती हसून बघत होती. दादारावनं पेढा तोंडात टाकला, चावला, गिळला आणि "चांगलं झालं" असं म्हणून पायडलवर पाय ठेवला. घरी पोचेपर्यंत तो गोडवा त्याच्या घशाला चिकटून होता.

ते मॉडेल कमलनं कसं केलं ते त्याच्या डोळ्यांपुढं होतं. तेलाचा रिकामा डबा म्हणजे टाकी. दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या मागं लागून आणलेल्या सलाईनच्या नळ्या म्हणजे पाइपलाइन, आणि त्या नळ्यांवर असते ती फिरवायची प्लास्टिकची चकती म्हणजे वॉल्व. खाली पुठ्ठ्याची बारा घरं. कोणता वॉल्व किती उघडला म्हणजे गल्लीतल्या शेवटच्या घरालाही पहिल्या घराएवढं पाणी जातं, हे पोरगी दाखवायची. सुटीच्या दिवशी नळ सोडणाऱ्या बापाबरोबर वॉर्डावॉर्डात फिरून, त्याला प्रश्न विचारून विचारून तिनं ते डोक्यात बसवलं होतं. छिंदवाड्याच्या जिल्हा मेळाव्यात तिचा पहिला नंबर आला. परीक्षकांनी हिंदीत विचारलं, तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, आणि त्यांना सगळं समजलं. परतीच्या वाटेवर रामाकोन्याला बस थांबली तेव्हा सरांनी सगळ्या पोरांना भजी खाऊ घातली, हे कमल आठवडाभर सांगत होती.

घरी कमल ओट्यावर बसून गणितं सोडवत होती.

"तुले माहीत होतं?" त्यानं विचारलं.

तिनं मान खाली घातली. "सरांनी परवा सांगतलं, बाबा. भोपाळले शुद्ध हिंदी लागते म्हणे. मी मराठी वर्गातली. सुनंदा हिंदी वर्गात आहे, तिले बोलता येते. मॉडेल माहंच राहीन म्हणे."

"आन् नाव?"

कमलनं वहीचं पान उलटलं. त्याची बायको चंद्रकला आतून म्हणाली, "जेवून घ्या आधी."

त्याला जेवण गेलं नाही. मुकुंद आणि तो सातवीपर्यंत एका वर्गात होते. गणितात दादाराव पुढं, आणि मुकुंद त्याच्या वहीतून उतरवायचा. पुढं मुकुंदच्या बापाचं दुकान मुकुंदला मिळालं, दादारावला पालिकेची नळ सोडायची चावी मिळाली. त्यात वावगं काही नव्हतं. पण मग मुकुंदच्या घरी फोन बसला. गच्चीवर टीव्हीचा उंच अँटेना लागला. मुकुंद शाळेच्या पालक समितीवर गेला. दोन वर्षांपूर्वी त्यानं सुनंदाला मराठी वर्गातून काढून हिंदी वर्गात घातलं, तेव्हा दादाराव त्याला मनातल्या मनात हसला होता. प्रत्येक वेळी दादाराव स्वतःला म्हणायचा, आपल्याला काय त्याचं? आणि प्रत्येक वेळी त्याच्या दुकानावरून जाताना सायकल आपोआप जोरात चालायची. आजवर कमल ही एकच गोष्ट अशी होती, की जिच्यात मुकुंद मागं होता.

दुसऱ्या दिवशी तो हेडमास्तरांपुढं उभा राहिला. रघुनाथराव माणूस गोड बोलणारा.

"दादाराव, मुलगी तुमची हुशारच आहे. पण हा शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे. छिंदवाड्याला चालून गेलं. भोपाळला मोठमोठे लोक येतात, तिथं पोरगी अडखळली तर?"

"सर, तिनं बनवलं ते. तिले नाई सांगता येणार तं कोणाले येईन?"

"सुनंदाला ती शिकवेल ना! शेवटी दोघी आपल्याच. आणि नावं वर गेली, आता माझ्या हातात काही नाही. सौसरच्या शिक्षण कार्यालयात विचारून पाहा."

दादारावनं एक दिवसाची रजा टाकली आणि सौसर गाठलं. तिथं एका दारातून दुसऱ्या दारात करत तो एका बाबूच्या टेबलापाशी पोचला. बाबूनं मान वर न करता सांगितलं, "लेखी अर्ज द्या." दादारावनं बाहेर बाकावर बसून अर्ज लिहिला. "पोच द्या," म्हणाला. "पोच साहेब देतात. साहेब दौऱ्यावर आहेत. सोमवारी या." सोमवारी पुन्हा रजा, पुन्हा बस. साहेब होते, पण बैठकीत होते. चार वाजता बाबूच उठून बाहेर आला आणि म्हणाला, "अहो, यादी केव्हाच भोपाळला गेली. तुम्ही जरा आधी यायला पाहिजे होतं."

परत येताना बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली नाही. उभ्यानंच तो विचार करत राहिला. मुकुंदला कुठं जावं लागलं होतं? कुठंच नाही. तो दुकानात बसून राहिला आणि भोपाळ त्याच्याकडं चालत आलं.

इकडं सुनंदा रोज संध्याकाळी कमलकडं यायला लागली. पायात पांढरे मोजे, मनगटावर घड्याळ. कमल तिला टाकी दाखवायची, दाब कसा वाढतो ते सांगायची, आणि सुनंदा ते हिंदीत घोकायची. एकदा दोघी कशावरून तरी इतक्या हसल्या, की पुठ्ठ्याची दोन घरं पाण्यात पडली. चंद्रकलानं दोघींना चहा दिला. दादाराव खाटेवर पडून भिंतीकडं तोंड करून ऐकत होता. आपली पोरगी आपल्या हातानं आपलं सगळं देऊन राहिली, आणि वरून हसून राहिली! त्याला वाटलं, हिला काही वाटत नसेल तर मला एकट्यालाच का वाटतं? त्या पोरीचे मोजेसुद्धा त्याच्या डोळ्यांत सलत होते.

एक दिवस सकाळी तो मुकुंदच्या गल्लीच्या तोंडाशी आला. नेहमीप्रमाणं लांब दांडीची लोखंडी चावी खड्ड्यात घातली. वॉल्व उघडण्याऐवजी त्यानं एकदा इकडंतिकडं पाहिलं, चावी तशीच बाहेर काढली आणि सायकलवर बसून पुढच्या गल्लीत गेला. कित्येक दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुपारी गल्लीतली माणसं पंपघरावर आली.

"वॉल्व खराब आहे," दादारावनं सांगितलं.

"कधी दुरुस्त होईन?"

"सामान मागवलं आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. "ऑफिसात अर्ज द्या," तो म्हणाला. बोलताना त्यानं मान वर केली नाही. त्या माणसांत कलाबाई होत्या, सत्तरीच्या. डोक्यावर पदर, काखेत रिकामी कळशी. त्यांच्या सुनेला बाळंत होऊन आठ दिवस झाले होते.

"बाप्पा, लेकराचे कपडे धुवाले पाणी नाई घरात. म्या इतक्या दूरून कितीदा आणू?"

"उद्या पाहू, मावशी."

"उद्या नक्की ना?"

"पाहू म्हटलं ना!"

म्हातारी गेली. दादाराव रजिस्टर उघडून त्यात उगाच बघत बसला. हा असला आवाज आपण ऐकलाय कुठंतरी, असं त्याला वाटलं. पण त्यानं तो विचार पुढं जाऊ दिला नाही. मुकुंदच्या घरचे माठ आता कोरडे पडले असतील, एवढंच तो मनाशी घोळवत होता.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कमल सुनंदाच्या घरून आली ती सरळ त्याच्यासमोर उभी राहिली. नळ्यांची पिशवी अजून हातातच होती.

"बाबा, सुनंदाच्या घरी केवढी लाइन लागली पाण्याले! तिच्या आंगणात विहीर आहे ना. मुकुंदकाकांनी आज गल्लीतल्या सगळ्याईले भरू देलं. स्वतः रहाटावर उभे होते. बाया त्याईले देव म्हणून राहिल्या."

विहीर! ती विहीर तो साफ विसरला होता. लहानपणी त्याच विहिरीच्या काठावर बसून दोघांनी संत्री सोलून खाल्ली होती. फक्त पाणी वरून ओंजळीत पडायचं, दादारावचा हात दोराला लागलेला मुकुंदच्या आजीला चालत नसे. मुकुंदचं काहीच अडलं नव्हतं. उलट तो देव झाला होता.

"वॉल्व खराब नाई ना, बाबा?" कमलनं विचारलं.

"तुले काय समजते त्यातलं?"

"तुमीच शिकवलं ना मले. वॉल्व खराब झाला तं पहिल्या घराले तरी थोडंसं पाणी गळते. तिथं थेंब नाई." तिनं पिशवी खाली ठेवली. "मले बी राग येते, बाबा. मी काय हसतो म्हणून मले राग नाई येत? भोपाळले मलेच जायचं होतं. पण कलाआजीनं काय केलं आपलं?"

तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला ती आत निघून गेली. चंद्रकला चुलीपाशी होती. सगळं ऐकून तिनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं.

दादाराव उठला, चावी घेतली. नळाची वेळ नव्हती तरी त्यानं टाकीचं पाणी सोडलं आणि मुकुंदच्या गल्लीचा वॉल्व पुरता उघडला. घराघरातून बादल्या खडखडल्या, बाया धावल्या. कलाबाईंच्या दारापाशी तो सायकल धरून उभा राहिला. त्याला काही बोलायचं होतं. पण म्हातारीच आनंदानं म्हणाली, "आलं बाप्पा! मुकुंदानं फोन केला असन ऑफिसात. त्याच्यावाचून कोणाचं काम होते?"

कळशी भरेपर्यंत दादाराव थांबला आणि ती त्यानं आत नेऊन ठेवली.

मग तो तसाच मुकुंदच्या दारात गेला. मुकुंद अंगणात ओलं धोतर नेसूनच फडक्यानं रहाट पुसत होता.

"मुकुंद, ते मॉडेल माह्या पोरीचं आहे. मदत नाई केली तिनं. तिचंच आहे सगळं."

मुकुंदनं फडका खाली ठेवला. "मले माहीत आहे गा."

"मंग पेढे काहून वाटले?"

"माही पोरगी चालली म्हणून वाटले. तू नसते वाटले?" मुकुंद ओशाळून हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? मी नाई म्हटलं असतं तं हेडमास्तरांनी दुसऱ्या कोणाची पोरगी धाडली असती. कमलले नसतंच धाडलं. हे तुले बी समजते."

ते खरं होतं. म्हणूनच ते ऐकून दादारावला मुकुंदच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. "पण तू नाई म्हणून पाहाचं होतं एकदा," एवढंच तो म्हणाला. तीन दिवस वॉल्व कुणी बंद ठेवला होता, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. सांगायला तो आला होता की काय, तेही त्याला नक्की कळलं नाही.

आठवड्यानं सुनंदा भोपाळला गेली. परत आली त्या संध्याकाळी थेट कमलकडं आली. तिथं कुणी पवनचक्की आणली होती, कुणी भूकंप मोजायचं यंत्र. कमल एकेकाचं विचारत होती, ते फिरत कसं होतं, त्याला कुठं तार जोडली होती. सुनंदाला निम्म्याची उत्तरं देता येत नव्हती. खाटेवर पडलेला दादाराव जीव कानांत आणून एकाच गोष्टीची वाट बघत होता.

"नंबर?" शेवटी कमलनंच विचारलं.

"तिसरा. एका सरांनी विचारलं, पाणी दूरच्या घरी कमी काहून जाते, ते मले सांगता नाई आलं. तुलेच पाठवाले पाहिजे होतं."

कमल उठून दिव्याची वात सारखी करायला गेली. दादारावनं कूस बदलली. पहिला नंबर आला नाही, ह्याचं त्याला बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं. आणि लगेच त्याच्या लक्षात आलं, की जो नंबर हुकला तोही कमलचाच होता.