धुतलेली टाकी

"अण्णा, टाकी धुतलीय न्हवं?"

चंपाने विचारलं आणि कल्लाप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. कथलाचा डाग द्यायचा तापलेला तांब्याचा दांडा हातात घेऊन ती उभी होती. पुढ्यात साठ वर्षांच्या फियाटची पेट्रोलची टाकी, गंजून पडलेलं भोक वर करून ठेवलेली.

कानडी मुलखातल्या पीण्या वसाहतीतल्या या गॅरेजात बारा वर्षं कल्लाप्पा फक्त पेट्रोलचे काटे दुरुस्त करत होता. टाकीतला तरंगता गोळा काढायचा, तार सरळ करायची, काटा नीट फिरला की काम संपलं. गळक्या टाकीला तो हात लावत नसे. ते दुसरा मिस्त्री, योगीराज, करायचा. पण योगीराज गावी गेलेला, आणि गिऱ्हाइकाला गाडी रविवारी मुलीच्या लग्नाला हवी होती. म्हणून टाकी धुणं कल्लाप्पाकडे आलं आणि डाग द्यायचं काम मालकिणीने, चंपाने, स्वतःकडे घेतलं.

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट. पेट्रोल जातं, वाफ राहते. बारा वर्षांपूर्वी चंपाच्या नवऱ्याने, उल्हासने, हेच विचारलं होतं. कल्लाप्पा 'व्हय' म्हणाला होता. टाकी एकदाच धुतली होती. उल्हासने गॅसची ज्योत जवळ नेली आणि टाकी फुटली. त्या आवाजाने कल्लाप्पाचा डावा कान कायमचा गेला. उल्हास तीन दिवस जगला.

"अण्णा?"

"स्वल्प थांबा, वहिनी. परत धुतो."

ही चौथी वेळ. साबणाचं कढत पाणी आत घालून त्याने टाकी हलवली, ओतली, भोकाला नाक लावलं. वास नव्हता. त्याला मात्र येतच होता. वाफेला जागा उरू नये म्हणून त्याने भोकापर्यंत पाणी भरलं.

"वहिनी, त्या दिवशी मीच सांगितलं हुतं. धुतलीय म्हणून."

"ठाऊक हाय. त्यांनी दवाखान्यात सांगितलं हुतं."

"आणि तुम्ही बारा वर्षं बोलला न्हाईसा?"

"कल्लाप्पाला कामावरनं काढू नको, म्हणाले." ती थांबली. "आता सांगा. धुतलीय?"

"धुतलीय."

"सरी, बरं. बाजूला व्हा."

तो हलला नाही. दोन्ही हातांनी टाकी धरून त्याने डोळे मिटले. कथील चर्र वाजलं. मग नुसता पाण्याचा बुडबुडा, आणखी काही नाही.

टाकी निवल्यावर त्याने ती डाग खाली येईल अशी उलटी करून पाण्याने भरली आणि खालून डागावर हात फिरवला. तळहात कोरडा आला. त्याने तो परत फिरवला, मग आणखी एकदा. चंपा दांडा ठेवून शेजारी उभी राहिली.