नांदेड बघायचं राहिलंय

दगडोबानं आयुष्यात एकदाच खरं बोलून पाहिलं आणि त्याच रात्री त्याला हिवताप भरला, असं तो स्वतःच सांगायचा. निजामाच्या फौजेबरोबर उंटावरून अरबस्तानात जाऊन आलो, हेही तोच सांगायचा. कस्तुराबाईला सगळं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी कोरड्या विहिरीवर, टँकरची वाट बघत लावलेल्या घागरींच्या रांगेत, तिनं त्यालाच विचारलं.

"मामा, अरबस्तानातलं वाळवंट केवढं असंल?"

तिचा पोरगा नरसिंग तिकडं पाण्याचा टँकर चालवायचा. होळीच्या सुमारास टँकरसकट वाळूत शिरला, तो कुणाला दिसलाच नाही. तपास चालू आहे, एवढाच कंपनीचा निरोप. आता भादवा संपत आला होता. सकाळी नवरा, शेषेराव, भिंतीकडं बघत म्हणाला होता, "ह्या पितरांत त्याचंबी पान वाढू. सांजच्याला सांग." तिला रडू आलं नव्हतं. दुसऱ्या बाईचे हात असल्यागत तिचे हात काम करत होते.

दगडोबाला दया आली. त्यानं वाळवंट लहान केलं.

"केवढं असणार? चाकूरपासनं शिरूर अनंतपाळपातूर. भाकर बांधून निघालं की दिवस मावळायच्या आत पार."

"मंग आतापातूर सापडायला पायजे होता."

जिंदगीत पहिल्यांदा दगडोबाची थाप त्याच्याच पायात आली. त्यानं तंबाखू मळली, थुंकला, पुन्हा मळली.

"ते निस्ता उंबरा सांगितला गं. घर कुठं सांगितलं? आत पन्नास जिल्हे बसत्यात."

"जुना जिल्हा का नवा?"

विचारणं रास्त होतं. महिन्यापूर्वीच उस्मानाबादेपासून तोडून लातूरचा वेगळा जिल्हा केला होता. गाव निजलं एका जिल्ह्यात आणि उठलं दुसऱ्यात. विहिरीला काही फरक पडला नाही.

"जुना धरला मी," दगडोबा म्हणाला.

"नव्यानं किती बसतील?"

"शंभर. नवा निम्मा हाय न्हवं."

"शंभर," ती म्हणाली. नव्या मापानं जागा वाढली होती. "आन् शोधाया जीपा किती?"

"एकच. तीबी रुतती. दिसभरात हितनं मारुतीच्या पारापातूर."

"पोरगं काय खात असंल?"

"खायचं नको बघू, पाणी बघ! टँकर हाय त्याच्याजवळ. आख्ख्या गावाला न्हाई तेवढं त्याला एकट्याला. टँकरखाली सावलीला बसून दोनदा आंघोळ करत असंल. आपणच हितं पारोसे."

ती हसली नाही. रांगेतली घागर तेवढी पुढं सरकवली.

"लबाड हायसा तुमी, मामा."

"हाव."

"आतापातूर त्यांनी कुठवर बघितलं असंल? आपल्या मुलखात धरून सांगा."

दगडोबानं काठीनं फुफाट्यात रेघ ओढली. "हे लातूर. हे झालं. चाकूर उरकून राहिलेत. पुढं अहमदपूर, मंग लोहा. नांदेड तर लांबच. तिथं गोदावरीच्या दोन्ही कडा बघाव्या लागत्यात."

"वाळवंटात गोदावरी?"

"आपल्या मुलखात धरून सांग म्हणलीस की."

टँकर आला, आरडाओरडा झाला, रेघ पायांखाली पुसून गेली. कस्तुराबाई घागर घेऊन घरी आली आणि रांजणात ओतू लागली.

"काय मग?" शेषेरावानं विचारलं. "पान वाढायचं ना?"

"न्हाई."

"का?"

"नांदेड बघायचं राहिलंय त्यांचं."

"नांदेड? तिकडं कशाला जाईल त्यो?"

तिनं दगडोबाचा सगळा हिशेब सांगितला, जसाच्या तसा. नवा जिल्हा, एक जीप, अहमदपूर, लोहा. शेषेराव ऐकत राहिला. दगडोबाला शिव्या द्यायच्या सोडून त्यानं रांजणात वाकून पाणी किती आलं ते बघितलं.

"आन् नांदेडबी बघून झालं तर?" तो म्हणाला.

कस्तुराबाईनं रांजणावर झाकण ठेवलं.

"पुढं आदिलाबाद हाय," ती म्हणाली.