ठुशीचा दोरा

"गळा बघा कसा भरलाय! मुलगाच होणार!" शेजारच्या अंबाबाई म्हणाल्या, आणि गंगाबाईंनी खुशीत सुनेची दृष्ट काढली.

सुब्बलक्ष्मीचं डोहाळजेवण होतं. गर्भ राखणाऱ्या तिरुक्करुगावूरच्या देवीचं तूप प्रसाद म्हणून आलं होतं. फक्त ठुशी तेवढी गळ्यात बसेना.

"सोनाराकडून दोरा सैल करून आणू," गंगाबाई म्हणाल्या. त्यांच्या घराण्यात गर्भारपणी गळा भरून दोरा सैल करावा लागणं शुभ समजत.

त्यांच्या दिवंगत मैत्रिणीची मुलगी विशालाक्षी जेवायला आली होती. मद्रासेत डॉक्टर होऊन तिनं शरीरातल्या ग्रंथींच्या विकारांचा खास अभ्यास केला होता. कुंभकोणमच्या ऐन उन्हाळ्यात शाल पांघरलेली सून पाहून ती थबकली.

"सुबू, थंडी वाजते का ग?"

"हो अक्का." आवाज घोगरा होता.

"थंडी कसली, आळस!" गंगाबाई हसल्या. "कावेरी दारात आली तरी ही उठायची नाही!"

विशालाक्षीनं सुनेचा गळा हलक्या हातानं चाचपला. "मावशी, मागच्या दोन्ही खेपांना दोरा सैल केला होता?"

"केला की."

"आणि ती मुलं?"

गंगाबाईंचं हसू मावळलं. दोन्ही मुलं पोटातच गेली होती.

"हे भाग्य नव्हे, आजार आहे. गळ्यातली ग्रंथी थकून सुजली आहे. तिच्यावर गोळ्या मिळतात. मेंढीच्या ग्रंथीपासून करतात."

"अय्यो! एकादशीचं घर आमचं! मद्रासेत तुझं सोवळं बुडालं, आता आमचंही बुडवतेस?"

"पुडीत घालून, न सांगताही देता आली असती. पण खोटं बोलून मी औषध देत नाही."

"देवीचं तूप आहे ना!"

"तेही द्या. पण देवीनं पदरात घातलेलं मूल आपण सोवळ्यापायी घालवायचं?" विशालाक्षीनं ठुशीकडे बोट दाखवलं. "माझी आई गर्भार असताना तिचीही ठुशी तुम्हीच सोनाराकडे नेली होती, मावशी. ठुशी परत आली. आई राहिली नाही. तिला काय होतंय, हे कुणी विचारलंच नव्हतं."

गंगाबाई हातातली ठुशी बाजूला ठेवून उठल्या. मग सुनेजवळ बसल्या.

"सुबू, तुला काय हवंय ग?"

"मला हे मूल हवंय, अत्ते."

"मग आण ती गोळी!" गंगाबाई विशालाक्षीकडे वळल्या. "पाप लागलं तर मला लागू दे!"

हळूहळू सुब्बलक्ष्मीची शाल सुटली, आवाज मोकळा झाला. मुलगी झाली, खणखणीत रडणारी! बारशाच्या दिवशी ठुशी गळ्यात सैल पडू लागली, म्हणून दोरा आवळून आणावा लागला.

पुढं अंबाबाई आपल्या सुनेची ठुशी घेऊन सोनाराकडे निघाल्या, तेव्हा गंगाबाईंनी ओसरीवरूनच हाक मारली, "अगो, दोरा नंतर! आधी विशालाक्षीला सुनेचा गळा दाखव!"

वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी गर्भवती असेल. तिच्या आजाराला आळस म्हणू नका आणि सुजेला भाग्य समजू नका. देवीला नवस जरूर बोला. पण त्याआधी तिच्याजवळ बसा, आणि तिला काय होतंय ते तिलाच विचारा.